आजची तारीख



आज १० मे. आज सकाळी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या फळ्यावर लिहिले आहे : ‘१८५७ : मीरत येथे शिपायांचा उठाव. वार रविवार.’ वार लिहावयाचे कारण असे की, नुसती तारीख वाचून मनुष्य पुढे जातो. वार वाचला की क्षणभर थांबतो. रविवार म्हटले की त्याला सुटीची संध्याकाळ दिसते, उकाडा जाणवतो, आणि हा दिवस खरोखरीच कोणाच्या तरी आयुष्यातला दिवस होता असे त्याला वाटू लागते.

या व्यासपीठावर उभे राहणाराने प्रथम आपला अधिकार सांगावा हे बरे. आमच्या आधी येथे इतिहासाचे जाणकार बोलून गेले, अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोलून गेले. आमचा अधिकार एवढाच की, वाचनालयाच्या दारात चार फूट रुंदीचा एक काळा फळा आहे आणि त्यावर रोज सकाळी खडूने काही ओळी लिहिण्याचे काम आम्ही पन्नासाहून अधिक वर्षे केले. शाळेतली नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, दोन वेळा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. फळा सुटला नाही. तेव्हा आजच्या विषयाला ‘आजची तारीख’ असे नाव दिले असले तरी खरे म्हणजे ही त्या फळ्याची हकीकत आहे.

फळ्याचे तीन भाग असत. वर दिनविशेष, म्हणजे या तारखेस पूर्वी काय घडले ते. मध्ये आजची एक बातमी, एकाच वाक्यात. आणि खाली एक ओळ आमची स्वतःची. त्या दोहोंवरून आम्हांस जे सुचले ते. या तिसऱ्या ओळीची गोष्ट फारशी भूषणावह नाही. ती पुढे सांगतोच.

या कामाची साधने तीन : आकाशवाणी, वर्तमानपत्र आणि पंचांग. पैकी आकाशवाणीशी आमची ओळख सर्वांत जुनी. आम्ही लहान असताना आमच्या वाड्यात रेडिओ एकच होता. तो तापावयास वेळ लागे, त्याला परवाना लागे आणि तो परवाना टपाल कचेरीत जाऊन दरवर्षी नवा करून आणावा लागे. सकाळी केंद्र सुरू होण्यापूर्वी ती ओळखीची धून वाजे. ती धून, असे सांगतात, वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराने रचली. युरोपातून परागंदा होऊन तो मुंबईस आला होता. आमच्या कितीतरी पिढ्यांची पहाट एका निर्वासिताच्या सुरांवर उजाडली, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली.

या देशातील नभोवाणीचा आरंभ म्हणून २३ जुलै १९२७ हा दिवस पाळतात. त्या दिवशी मुंबईचे केंद्र सुरू झाले. २३ जुलै हा लोकमान्य टिळकांचाही जन्मदिवस, साल १८५६. हा योगायोगच, दुसरे काही नव्हे. परंतु फळ्यावर या दोन ओळी एकाखाली एक आल्या की वाचणारे हटकून म्हणत, “वा, काय योग आहे!” दिनविशेष लिहिणाराला पहिली सवय सोडावी लागते ती ही. तीनशे पासष्ट दिवस आणि हजारो माणसे. कोणी ना कोणी कोणाच्या तरी शेजारी येणारच. पुणे केंद्राचे तसे नव्हते. ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि गांधीजयंतीचा मुहूर्त धरूनच.

केंद्र सुरू झाले की निवेदक प्रथम तारीख सांगतो. इंग्रजी तारीख तर सांगतोच. पण तिच्यासोबत भारतीय सौर दिनांकही सांगतो. आजचा दिनांक २० वैशाख. येथे जमलेल्या मंडळींपैकी किती जणांच्या तो ध्यानात होता? लाजावयाचे कारण नाही. आम्हीसुद्धा तो फळ्यावर कधी लिहिला नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा या देशात तीसएक निरनिराळ्या कालगणना चालू होत्या. त्यांतून एक मार्ग काढावा म्हणून १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने सूर्याच्या गतीवर बसविलेले एक नेटके पंचांग सुचविले आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, ते सरकारने स्वीकारले. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने एकतीस दिवसांचे, पुढचे सगळे तीस दिवसांचे, चैत्राचा एक दिवस चार वर्षांनी वाढवावयाचा. किती सोपे! परंतु महिन्यांची नावे ठेवली चांद्र पंचांगाचीच. त्यामुळे त्या वर्षी रेडिओने चैत्र सुरू झाल्याचे सांगितले तेव्हा पाडवा अजून आठदहा दिवसांवर होता. आमच्या आईने हातातले काम थांबवून विचारले, “मग गुढी कधी उभारायची, सरकारला विचारून?” समितीच्या साऱ्या विद्वत्तेला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पंचांग हे गणित आहे खरे, पण ज्या गणितात श्रीखंड आणि कडुनिंब नाहीत ते घराघरांत जात नाही.

तिथी आणि तारीख यांची ही ओढाताण नभोवाणीलाही चुकली नाही. १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. पहिले गीत ऐकविले ते १ एप्रिलला. त्या दिवशी रामनवमी होती आणि वार शुक्रवार होता. दर शुक्रवारी एक नवे गीत, आणि पुढल्या रामनवमीला समाप्ती अशी योजना. वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून गीते बावन्न. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाली बांधीत होते, आणि इकडे पंचांगात त्या वर्षी अधिक भाद्रपद येऊन बसला होता! १९५६ ची रामनवमी आली १९ एप्रिलला. म्हणजे रामनवमी ते रामनवमी हे वर्ष ३८४ दिवसांचे झाले, आणि बावन्नाची छप्पन्न गीते करावी लागली. एरवी अधिक महिन्यात जावयाला वाण देतात; त्या वर्षीच्या अधिक महिन्याने महाराष्ट्राला चार गाणी दिली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. शुक्रवारी वाड्यातल्या त्या एका रेडिओभोवती अंगण भरून माणसे बसत, आणि कोणी तरी त्या पेटीला हार घातलेला असे. मोठी माणसे सांगत, “गेल्या शुक्रवारी राम वनवासाला निघाले.” जणू ती त्या आठवड्याची बातमीच होती.

आता ज्या तारखेवरून फळ्यापाशी सर्वांत अधिक वाद झाले तिच्याकडे वळू. ती तारीख म्हणजे शिवजन्माची.

आमच्या लहानपणी शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होत असे. बखरींच्या परंपरेने शिवजन्म शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ चा धरला होता. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला, तोही याच हिशेबाने. पुढे टिळकांच्याच हाती जेधे घराण्याची शकावली आली. तीत शिवजन्माची नोंद होती ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. ज्यांनी उत्सव सुरू केला होता त्यांच्याच हाती उत्सवाच्या तिथीला धक्का देणारा कागद आला! टिळकांनी तो दडविला नाही. १९१६ साली प्रसिद्ध केला. पुढे परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली. आम्हांस या साऱ्या प्रकरणात महाराजांच्या वयातील तीन वर्षांच्या फरकापेक्षाही हे छापणे मोठे वाटते. आपण सुरू केलेल्या उत्सवाला अडचणीचा ठरणारा पुरावा आपणच लोकांपुढे ठेवावयाचा, याला धैर्य लागते. उत्सव करणारे पुष्कळ असतात.

परंतु कागद छापला म्हणून लोक थोडेच बदलतात! पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वाद चालला, समित्या बसल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. आता १९ फेब्रुवारीला सरकारी सुटी असते. काही मंडळी फाल्गुन वद्य तृतीयेलाच उत्सव करतात. आणि जुन्या वैशाखातल्या तिथीलाही कोठे कोठे मिरवणूक निघते. आमच्या गावात एका वर्षी तिन्ही झाल्या. फळ्यावर आम्ही तिन्ही वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा शिव्या खाल्ल्या, दरवेळी निराळ्या मंडळींच्या.

आणि गंमत अशी की, १९ फेब्रुवारी ही तारीखसुद्धा जितकी सरळ दिसते तितकी नाही. ती जुन्या, म्हणजे ज्युलियन कालगणनेची आहे. इंग्लंडात ती गणना १७५२ पर्यंत चालली. त्या साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. आज आपल्या भिंतीवर जी दिनदर्शिका आहे ती नव्या, ग्रेगोरियन गणनेची. तिच्या हिशेबाने तो फाल्गुन वद्य तृतीयेचा शुक्रवार १ मार्च १६३० ला येतो. राज्याभिषेकाचेही तसेच : ६ जून १६७४ ही जुनी तारीख, नव्या हिशेबाने १६ जून. तारीख कोणत्या गणनेने सांगितली यावर ती बदलते. तिथी मात्र, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, जागची हलत नाही. हे आम्ही एकदा फळ्यावर लिहिले तेव्हा एका तरुणाने आम्हांस विचारले, “मास्तर, मग खरे कोणते?” आम्ही म्हटले, “दिवस खरा. नावे तीन.” त्याचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झाले नव्हते, पण दुसरे काही सुचेना.

ही अडचण काही आपल्याच वाट्याला आलेली नाही. रशियातील ऑक्टोबर क्रांतीचा वाढदिवस ७ नोव्हेंबरला येतो. न्यूटनचा जन्म नाताळात झाला म्हणावे, तर तो १६४२ चा जुना नाताळ. नव्या गणनेने १६४३ चा जानेवारी. २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन. या तारखेशी शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस या दोघांच्या मृत्यूचे नाते सांगतात. परंतु स्पेनने तोवर नवी गणना घेतली होती आणि इंग्लंडने घेतली नव्हती. तेव्हा तारीख एक असली तरी दिवस एक नव्हे, मध्ये दहा दिवसांचे अंतर. फार कशाला, मनुष्य चंद्रावर उतरला तो अमेरिकेत २० जुलै १९६९ होता. येथे मध्यरात्र उलटून २१ जुलै लागली होती. आणि आमच्या कोकणातल्या आप्तांकडे टिळक पंचांग मानतात, तेथे काही काही वर्षी गणपती आमच्या एक महिना आधी येतो. त्यांच्याकडचे मोदक खाऊन आम्ही घरी येतो आणि मग आमचा श्रावण अर्धा राहिलेला असतो. याबद्दल मात्र आमची कधीच तक्रार नाही.

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिली अणुचाचणी झाली. फळ्यावर आम्ही अनेक वर्षे लिहीत आलो, ‘बुद्धपौर्णिमेच्या दिवशी’. सगळीकडे तसे छापलेले असे, आणि चाचणीच्या सांकेतिक नावात बुद्ध होता, म्हणून शंकाही आली नाही. एके वर्षी गावातले एक वृद्ध भिक्षुक जुन्या पंचांगांची चवड काखेत घेऊन आले आणि फळ्याखालच्या बाकावर १९७४ सालचे उघडून बसले. पौर्णिमा ६ मेला होती. १८ तारखेपर्यंत ती उलटून बारा दिवस झाले होते. बुद्धपौर्णिमा होती ती दुसऱ्या वेळच्या चाचणीला, ११ मे १९९८ रोजी. आम्ही मागाहून दुरुस्ती लिहिली. परंतु आज सकाळी उठून मोबाइल उघडला की व्हॉट्सअ‍ॅपवर पाचसात तरी ‘आजचे दिनविशेष’ आलेले असतात, फुलांच्या चित्रांसह, आणि दर १८ मेला त्यांत ती पौर्णिमा उगवतेच. खडूने लिहिलेली चूक संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसली जाते. या नव्या फळ्याला फडकेच नाही.

बातम्यांविषयी थोडे बोलावयाचे राहिले. एके काळी बातम्या दिवसातून काही ठराविक वेळीच लागत. सकाळी ऐकलेली बातमी घेऊन मनुष्य कामावर जाई, दिवसभर ती त्याच्या मनात घोळे, आणि संध्याकाळी पारावर किंवा ओट्यावर तिच्यावर चर्चा होई. मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ नावाचा कार्यक्रम लागे. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भाऊजी अशी त्यातली तीन माणसे. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे ते आवाज. चालू घडामोडी त्या घरात चहाबरोबर येत. धान्याची टंचाई असो की नवा कर असो, तो प्रथम मीनावहिनींच्या डब्यात दिसे आणि मग टेकाडे भाऊजींच्या तोंडी येई. आमची तिसरी ओळ ही, कबूल करावयास हरकत नाही, त्या टेकाडे भाऊजींची लांबची नातेवाईक. साखरेचे रेशन कमी झाले त्या दिवशी आम्ही लिहिले होते, ‘आजपासून पाहुण्यांनी गोड बोलूनच भागवावे.’ लोक हसत आणि पुढे जात. हसता हसता थोडे विचारात पडत, अशी आमची समजूत होती.

२६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या आणि आणीबाणी लागू झाल्याचे सर्वांना कळले. वार गुरुवार. २६ जून ही शाहू महाराजांची जन्मतारीख, साल १८७४. आम्ही वर ते लिहिले. मध्ये बातमी लिहिली, जशी ऐकली तशी. खाली तिसरी ओळ लिहावयास हात उचलला आणि खाली घेतला. आम्हांस कोणी मनाई केली नव्हती. कोणी धमकावले नव्हते. काही वर्तमानपत्रांनी त्या दिवसांत अग्रलेखाची जागा कोरी सोडली. तो निषेध होता. छापलेल्या कोऱ्या जागेकडे बोट दाखविता येते. आमची कोरी जागा निषेधाची नव्हती, ती भीतीची होती. पगार होता, दोन मुले होती, वाचनालयाला नगरपालिकेचे अनुदान होते. ही सगळी कारणे खरी होती. वाचणाऱ्यांपैकी कोणी विचारलेही नाही. तेही त्या जागेवरून नजर काढून वरच्या जन्मतारखा वाचीत.

एकवीस महिने तिसरी ओळ कोरी राहिली. मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली, निवडणुकांचे निकाल रेडिओवर रात्रभर ऐकून लोकांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या उत्साहाने खडू घेऊन उभे राहिलो. पण ओळ काही केल्या येईना. आम्ही काही तरी लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. धोका टळल्यावर सुचलेल्या शूर वाक्याची आम्हांस त्या सकाळी लाज वाटली. तिसरी ओळ तेव्हापासून बंद आहे. पुष्कळांनी पुढे विचारले, ‘मास्तर, तुमची ओळ का नसते?’ आम्ही सांगत असू, जागा पुरत नाही.

जागा पुरत नाही हे आमचे उत्तर एकदा आमच्यावर उलटले. १ ऑगस्ट ही लोकमान्यांची पुण्यतिथी. १९२० साली मुंबईत, सरदारगृहात, शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर त्यांचा अंत झाला. इंग्रजी हिशेबाने तो रविवार, १ ऑगस्ट. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, तेव्हा जुनी माणसे त्याला शनिवारची रात्रच म्हणत. हे सारे आम्ही दरवर्षी सुबक अक्षरात लिहीत असू, फळ्याच्या अगदी मध्यावर. वाचनालयात सकाळी एक गृहस्थ येत. गावातल्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करीत. बोलणे कमी, वाचन अफाट. एका १ ऑगस्टला ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, खाली जागा राहिली आहे.” एवढेच बोलून ते आत गेले.

जागा कोणाची राहिली हे आम्हांस चांगले ठाऊक होते. ज्या दिवशी मुंबईत टिळक गेले त्याच १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मले. ‘फकिरा’ आम्ही वाचली होती. १९५९ सालची ती कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, हेही ठाऊक होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी गाजविलेले फड आमच्या पिढीने पाहिले होते. मग फळ्यावर ते का नव्हते? कोणी विरोध केला होता? नाही. आम्ही ज्या दिनविशेषांवरून उतरवून घेत होतो त्यांत ते नव्हते, आणि नव्हते हे आमच्या लक्षातही आले नव्हते. जो मनुष्य पोखरणची पौर्णिमा बारा दिवस हलली म्हणून आठवडाभर अस्वस्थ होता, त्याला ही रिकामी जागा दिसली नाही. आम्ही आत गेलो नाही. खडू घेतला आणि लिहिले. अक्षर घाईचे आले. ते गृहस्थ परतताना फळ्याकडे पाहून काही बोलले नाहीत; आणि आजतागायत आम्ही त्यांच्याशी तो विषय काढलेला नाही.

त्यानंतर आम्ही एक वही घातली आणि जे राहून गेले ते शोधू लागलो. ३ जानेवारी १८३१, सावित्रीबाई फुले. १० मार्च १८९७, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांना आलेला मृत्यू. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची धम्मदीक्षा. तो विजयादशमीचा दिवस होता, आणि आजही दीक्षाभूमीवर लोक तिथी आणि तारीख दोन्ही सांभाळतात. वही भरत गेली. त्यातून आणखी एक ध्यानात आले. मोठ्या माणसांच्या मृत्यूच्या तारखा सापडतात. गरिबांच्या मुलांच्या जन्माच्या सापडत नाहीत. आमच्याच शाळेच्या जुन्या पटावर वर्गातल्या अर्ध्या मुलांचा जन्म १ जूनचा आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई, आई सांगे, ‘दुष्काळानंतरच्या पावसात झाला’, आणि मास्तर १ जून लिहून मोकळा होई. त्यांतल्या काही नोंदी आमच्या हातच्या आहेत.

आता एकच गोष्ट सांगतो. १२ जुलै १९६१, बुधवार. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांध नेला आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आम्ही दरवर्षी लिहीत असू : ‘पानशेत धरण फुटून पुण्यास महापूर.’ पाच शब्द. पुण्याहून येऊन आमच्या गावात स्थायिक झालेल्या एक बाई वाचनालयाच्या बोळातून रोज दूध आणावयास जात. एका वर्षी जुलै महिन्याच्या आरंभीच त्या आम्हांस भेटल्या. म्हणाल्या, “तारीख लिहू नका असं मी म्हणत नाही. गावाला ठाऊक असायला हवी. पण त्या दिवशी आठाच्या आत लिहू नका. मी दूध घेऊन घरी पोचते तोवर आठ वाजतात.”

त्यांचे कोण गेले होते हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्या हयात होत्या तोवर दर १२ जुलैला फळ्याचा वरचा भाग आठ वाजेपर्यंत कोरा असे. लवकर येणारे वाचक विचारीत, “आज मास्तर विसरले वाटतं?” आम्ही हो म्हणत असू.

वेळ बराच झाला. उद्याच्या फळ्याचे तेवढे सांगतो, कारण घरी जाऊन ते जुळवावयाचे आहे. उद्या ११ मे. १८५७ साली मीरतचे शिपाई सकाळी दिल्लीस पोचले, वार सोमवार. दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला तार गेली आणि ती बातमी त्यांच्या घोड्यांपुढे धावली. १८८८ साली मुंबईच्या सभेत जोतीराव फुले यांना लोकांनी महात्मा म्हटले, वार शुक्रवार. १९१२ साली सादत हसन मंटोचा जन्म. पुढे दिल्लीच्या नभोवाणीसाठी त्याने कितीतरी श्रुतिका लिहिल्या. १९९८, पोखरण, आणि या खेपेस पौर्णिमा बरोबर आहे. फळा चार फुटांचा. एवढे मावेल की नाही सांगता येत नाही, पण बारीक अक्षर काढून पाहतो. ज्यांना सकाळी त्या बाजूने जावयाचे असेल त्यांनी पाहून घ्यावे, आणि काही राहिले असेल तर आत येऊन सांगावे. आम्ही नऊपर्यंत तेथेच असतो.